बिनमालकाची माशी

फेब्रुवारी संपत आला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या कांदापट्ट्यात बियाण्यासाठी लावलेले डोंगळे फुलतात. कंबरेएवढ्या पोकळ दांड्यांवर पांढरे गोंडे येतात आणि उन्हे वर आली की त्यांवर माश्यांची गुणगुण सुरू होते. ज्या शेतात ती सुरू होत नाही, तिथला शेतकरी कासावीस होतो. कुणी गुळाचे पाणी करून पिकावर मारतो, कुणी सकाळी गोंड्यांवरून अलगद हात फिरवून घेतो, कुणी भाड्याच्या मधपेट्यांची चौकशी करतो. कांद्याच्या बियाण्याला मिळणारा भाव पाहता ही धडपड समजण्यासारखी आहे. पण परिसरात माशीच उरली नसेल, तर गूळ कुणासाठी?

कांद्याच्या फुलाची रचनाच अशी आहे की त्याला पाहुण्यावाचून चालत नाही. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पुंकेसर आधी पिकून पराग सांडून मोकळे होतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर ग्रहणक्षम होते. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो आणून देणारे म्हणजे मुख्यतः माश्या. त्यातही अडचण अशी की कांद्याच्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि मधमाश्यांना ते फारसे आवडत नाही. जवळपास दुसरे काही फुललेले असेल, तर त्या कांद्याकडे पाठ फिरवतात. म्हणून एकाच जातीच्या माश्यांवर विसंबून राहण्यापेक्षा शिवारात नाना तऱ्हेच्या माश्या असणे हाच बियाणे उत्पादकाचा खरा विमा. हा विमा गेली कित्येक दशके फुकट मिळत होता, त्यामुळे तो कधी संपला हेही लक्षात आले नाही.

लक्षात न येण्याचे एक साधे कारण आहे. गारपिटीने कांदा झोपला तर तलाठी पंचनामा करतो. बिबट्याने शेळी उचलली तर वन खाते भरपाई देते. पेटीतल्या माश्या मेल्या तर निदान पेटीवाला तरी आरडाओरडा करतो, कारण त्याचे पैसे बुडालेले असतात. पण बांधावरच्या बोरीतले फुलोरीचे पोळे फवारणीनंतर रिकामे झाले, तर कुणाच्याच वहीत काही खर्ची पडत नाही. जिल्ह्यात किती उसाचे गाळप झाले, किती लिटर दूध निघाले, किती कांदा बाजारात आला, याचा हिशेब असतो. पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी मोजली जाते. रानमाशीचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही, कारण तिला मालक नाही.

मधमाशी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाकडी पेटी येते. प्रत्यक्षात जगात माश्यांच्या सुमारे २० हजार जाती आहेत, भारतात ७०० च्या वर, आणि त्यांतल्या पेटीत राहू शकणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर मोठ्या वडापिंपळावर, पाण्याच्या टाकीखाली आणि अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीच्या कड्यांवर एकच मोठे पोळे लटकवणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. झुडपातल्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरीही राहत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या पोकळीत राहणारी सातेरी तेवढी पेटीत येते. भिंतीच्या फटीत मेणाची छोटीशी नळी काढून राहणाऱ्या, डंख नसलेल्या चिमुकल्या पोया अनेकांना चिलटेच वाटतात.

आणि या झाल्या फक्त समूहाने राहणाऱ्या. उरलेल्या बहुतेक जाती एकट्याने संसार करतात. माशीच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. काळा भुंगा वाळक्या लाकडात गोल भोक पाडतो. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाला कुणी तरी नाण्याच्या आकाराचा गोल तुकडा कापून नेलेला दिसतो, तो पान कापणाऱ्या माशीचा उद्योग. ती ते पान खात नाही, पिलांच्या खोलीला अस्तर लावते. पण बागेचा मालक कीड पडली म्हणून औषध मारतो. (विषाला ‘औषध’ म्हणण्याची आपल्याकडची सवय किती महागात पडली आहे, याचा हिशेब भाषातज्ज्ञांनी नव्हे तर कीटकशास्त्रज्ञांनी मांडायला हवा.)

संगमनेर, अकोले भागातल्या टोमॅटो उत्पादकांसाठी या एकांड्या माश्या विशेष महत्त्वाच्या आहेत. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या कोशात बंद असतो आणि टोकाच्या बारीक वाटेनेच बाहेर पडतो. वाऱ्याने थोडा सांडतो. भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी मात्र फुलाला घट्ट पकडून पंखांचे स्नायू असे थरथरवते की मिठाची डबी हलवावी तसा पराग खाली झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. युरोपात हरितगृहातल्या टोमॅटोसाठी बंबलबी नावाच्या केसाळ, गुबगुबीत माश्या विकत आणतात, ते याच कामासाठी. शेवग्याच्या फुलावर काळा भुंगा आणि तुरीच्या फुलावर पान कापणारी माशी अशाच कामाला येतात. सीताफळाचे काम तर माशीकडे नाहीच, ते बारीक भुंगेरे करतात. शेतातली ही वाटणी इतकी बारीक आहे की एका जातीच्या पेट्या आणून ती भरून निघत नाही.

सरकारी धोरणात मात्र माशी म्हणजे पेटी आणि पेटी म्हणजे मध, असे समीकरण पक्के झाले आहे. केंद्राने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपये जाहीर केले. महाराष्ट्रात महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. या योजना वाईट नाहीत. मध विकून चार कुटुंबांना पैसे मिळतात आणि आसपासच्या पिकांनाही लाभ होतो. पण त्यांतून रानमाशी वाचते असे समजणे म्हणजे गोठ्यात होल्स्टिन गाय बांधून रेहेकुरीचे काळवीट वाचले असे म्हणणे. उलट, पेट्यांतून सर्रास नेली जाणारी युरोपीय मेलिफेरा माशी १९६२ मध्ये हिमाचल प्रदेशात नगरोटा येथे रुजवलेली परकी जात आहे. पेट्यांची दाटी झाली की फुलांवर स्पर्धा होते, रोगही इकडून तिकडे जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड विषाणूने सातेरीच्या वसाहती कशा धडाधड रिकाम्या केल्या, हे जुन्या मधपाळांच्या अजून लक्षात आहे. माशीच्या दुनियेतला रोग किती झपाट्याने पसरतो, याचा तो धडा होता.

हे सगळे ठाऊक असलेली माणसे जिल्ह्यात नाहीत असे नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. बाभळेश्वरला आणि दहिगाव-नेला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शेजारी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. प्रश्न ज्ञानाचा नाही. ते ज्ञान बोलते कुठे, हा प्रश्न आहे. शोधनिबंध इंग्रजीत, परिसंवाद सभागृहात आणि शिफारशी पुस्तिकेत. शेतकऱ्याशी रोज बोलतो तो कृषी सेवा केंद्राचा काउंटर. फुलकिडे दिसले की काय मारायचे, किती मारायचे, कशात काय मिसळायचे, याचा निर्णय बहुतेक वेळा तिथे होतो. त्या काउंटरवर माशीची बाजू मांडणारे कुणी उभे नसते.

मालक नसलेल्या जिवाची वकिली कुणी करायची? अमेरिकेतले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रातले कीटकशास्त्रज्ञ रॉबिन थॉर्प निवृत्तीनंतर १९९८ पासून दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत फ्रँकलिन बंबलबी या एका जातीची मोजणी करत राहिले. ही माशी जगात फक्त त्याच लहानशा पट्ट्यात आढळत होती. वर्षागणिक ती कमी कमी दिसू लागली. २००६ च्या ऑगस्टमध्ये थॉर्प यांना एक माशी दिसली, ती शेवटची. त्यानंतरही ते दर उन्हाळ्यात जाळे घेऊन त्याच कुरणांत जात राहिले. पण त्यांनी फक्त जाळे हाती धरले नाही. २०१० मध्ये झर्सेस सोसायटी या संस्थेबरोबर त्यांनी या माशीला कायद्याचे संरक्षण द्यावे, असा रीतसर अर्ज सरकारकडे केला. पत्रकारांना मुलाखती दिल्या, सामान्य लोकांना माश्या ओळखायला शिकवले. २०१९ मध्ये ते गेले. ती जात धोक्यात असल्याचे सरकारने जाहीर केले २०२१ मध्ये. फार उशीर झाला, असे म्हणता येईल. पण उशीर झाला हे कळते तेच मुळी कुणी तरी १९९८ पासून मोजत होते म्हणून.

जर्मनीत गोष्ट लवकर वळणावर आली. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकअभ्यासकांच्या मंडळाने अनेक वर्षे एकाच पद्धतीचे सापळे लावून नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की संरक्षित क्षेत्रांतसुद्धा २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले आहे. हा आकडा नियतकालिकात पडून राहिला नाही. शास्त्रज्ञ तो घेऊन लोकांत गेले. २०१९ च्या सुरुवातीला बव्हेरिया राज्यात ‘माश्या वाचवा’ या मागणीसाठी १७ लाखांहून अधिक मतदारांनी दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत प्रत्यक्ष जाऊन सह्या केल्या आणि त्याच वर्षी कायदा बदलला. युरोपीय संघाने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली होती. यांतली पहिली दोन नावे नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला नवी नाहीत.

भारतात २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात अनेकांच्या बाबतीत मधमाश्यांना विषारी असल्याचे कारण स्पष्ट लिहिलेले होते. हरकती-सूचना मागवल्या गेल्या. तीन वर्षांनी, २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल या तिघांवर, शिवाय मोनोक्रोटोफॉसचे एक द्रावण टप्प्याने बंद करायचे ठरले. उद्योगाकडे वकील होते, आकडे होते, निर्यातीचा मुद्दा होता. ते त्यांचे कामच आहे. पण माशीच्या बाजूने गावागावांतून किती हरकती गेल्या असतील? त्या लिहायच्या कशा, हे शेतकऱ्याला सांगायला त्या काळात कोण गावात आले होते?

शास्त्रज्ञाने धोरणावर जाहीर बोलावे की नाही, हा वाद जुना आहे. बोलला तर तो पक्षकार होतो आणि मग त्याच्या आकड्यांवरचा विश्वास उडतो, असे एक मत. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. माश्यांच्या बाबतीत अतिशयोक्ती फार झाली आहे. ‘मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल’ हे वाक्य आइनस्टाइनच्या नावावर मोबाइलवरून फिरत असते. त्याने असे कधी म्हटल्याचा पुरावा नाही आणि ते खरेही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांना माशीची गरज नसते. भाकरी मिळत राहील. कमी होईल ते ताटातले बाकीचे: काकडी, भोपळा, दोडका, कारले, डाळिंब, आंबा, तेलबिया. माणूस उपाशी मरणार नाही, पण त्याचा आहार निकृष्ट होईल. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये गणिती प्रारूपावरून मांडलेला अंदाज असा की परागीभवन अपुरे पडल्यामुळे जगातले फळे, भाज्या आणि कवचफळांचे ३ ते ५ टक्के उत्पादन आजच बुडते आहे. पौष्टिक अन्न कमी पडल्याने हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांसारख्या आजारांतून वर्षाला सुमारे ४ लाख २७ हजार जादा मृत्यू होतात. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण आइनस्टाइनच्या नावावरच्या थापेपेक्षा तो कितीतरी गंभीर आहे, आणि हा फरक समजावून सांगणे हेच शास्त्रज्ञाचे पहिले जाहीर काम.

राहिला तटस्थतेचा मुद्दा. ज्या बाजारात विक्रेता दिवसभर बोलतो, तिथे जाणकाराचे गप्प राहणे तटस्थ ठरत नाही. त्याचे वजन आपोआप एका पारड्यात पडते. शास्त्रज्ञाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: हे मोजलेले आहे आणि हे माझे मत आहे. एवढे पथ्य पाळले तर बोलण्याने त्याची विश्वासार्हता कमी होण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०२० मध्ये आग्या माश्यांवर केलेला अभ्यास पाहावा. हवेच्या प्रदूषणाने ग्रासलेल्या भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक २४ तासांत मेल्या. एवढे साधे वाक्य कुठल्याही घोषणेपेक्षा अधिक बोलते.

मराठी मुलुखात या वाटेने गेलेले सर्वांत ठळक नाव माधव गाडगीळ यांचे. त्यांनी वा. द. वर्तक यांच्याबरोबर १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. गावाने लोकजैवविविधता नोंदवही स्वतः लिहावी, ही कल्पना त्यांनी रुजवली. पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष म्हणून २०११ मध्ये दिलेल्या अहवालात त्यांनी घाटातून रासायनिक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याची मुदतच घालून दिली होती. तो अहवाल माहितीच्या अधिकारातल्या झगड्यानंतर २०१२ मध्ये लोकांपुढे आला. तो मराठीत यावा आणि ग्रामसभांनी त्यावर बोलावे, हा गाडगीळांचा आग्रह होता. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या गावांची नावे पुढे पर्यावरणसंवेदी क्षेत्राच्या मसुद्यांत आली, तेव्हा मात्र तिथल्या लोकांपर्यंत अहवालाआधी अफवा पोचली होती. घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, असे सांगणारे पुढारी गावात हजर होते आणि अहवाल वाचून दाखवणारे नव्हते. तिथे विरोध झाला, तो बराचसा या रिकाम्या जागेमुळे झाला.

गाडगीळ बोलू शकले, कारण त्यांचे स्थान तेवढे भक्कम होते. कृषी विद्यापीठातल्या तिशीतल्या साहाय्यक प्राध्यापकाचे तसे नसते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. संशोधन संस्थांतही शिस्तीची चौकट असते, आणि बढतीच्या गुणपत्रकात ग्रामसभेतल्या भाषणाला शोधनिबंधाएवढे मोल नसते. तेव्हा ‘शास्त्रज्ञांनी पुढे यावे’ असे नुसते म्हणून भागणार नाही. शेतात फूल असताना कोणते रसायन मारू नये, हे सांगणे धोरणावरची टीका नसून शास्त्रज्ञाचे नेमून दिलेले काम आहे, असे विद्यापीठाने आणि कृषी खात्याने लेखी स्पष्ट केले तर अर्धी भीती जाईल. उरलेली अर्धी, असे काम सेवापुस्तकात मोजले तर.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. कांदा बियाण्याच्या पिकात फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी करावा. फुलोरा असताना फवारणी टाळावी, अगदीच नाइलाज असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, आणि त्यातही फिप्रोनिलसारखी माशीला जहाल रसायने वापरू नयेत. बांध कोरू नये, त्यावर तणनाशक मारू नये. एका ओळीच्या उसासाठी कोरलेल्या बांधात जमिनीत घर करणाऱ्या माश्यांची अख्खी पिढी जाते. मल्चिंगचा कागद अंथरलेल्या वाफ्यात तर तिला आधीच शिरकाव नाही. शेताच्या कडेची बोर, बाभूळ, करंज, कडुनिंब ठेवावेत. एखादे वाळके लाकूड सरपणाला न नेता तसेच पडू द्यावे. ज्याला आपण पडीक म्हणतो, ती कर्जत-श्रीगोंद्याकडची माळराने माशीच्या लेखी भरवस्ती आहे. त्या माळांवर माळढोक होता. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, आणि तरी तो पक्षी आज नगरकरांना चित्रातच पाहावा लागतो. मोठा, देखणा, सगळ्यांना ठाऊक असलेला पक्षी जिथे हातचा गेला, तिथे नखाएवढ्या माशीची काय कथा.

आणखी एक विषय आहे, ज्यावर शास्त्रज्ञ आणि डॉक्टर दोघांनी एकत्र बोलायला हवे. तो म्हणजे भीती. आग्या माश्यांचा हल्ला ही खरी आपत्ती आहे. गडकिल्ल्यांवर, लेण्यांत, दशक्रियेच्या घाटावर तिचे प्रकार घडतात आणि कधी जीवही जातो. मग दुसऱ्या दिवशी टेंभा बांधून पोळे जाळले जाते. माशी डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारख्या वासाचे एक रसायन हवेत सुटते आणि त्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात, म्हणून हात झटकू नयेत. तोंड झाकून सरळ पळावे, बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे, पाण्यात उडी मारू नये. डंखाचा काटा नखाने लगेच खरवडून काढावा. डंख डझनावारी असतील, किंवा एका डंखानेही ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. अशा वेळी अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते आणि ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेच पाहिजे. ही माहिती गावात पोचली, तर पोळ्याला काडी लावायची घाई कमी होईल. वस्तीतले पोळे काढावेच लागले, तर ते न जाळता हलवणारी जाणकार माणसे आता पुण्यासारख्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी का नसावीत?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाला आग्या माशी नवी नाही. हिरडा, जांभूळ फुलण्याचे दिवस, सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचे वर्ष, कुठल्या कड्यावर पोळी कधी येतात आणि कधी उठून जातात, हे तिथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात असतो आणि पिलावा खाली. अख्खे पोळे कापून पिळले तर सगळी पिढी जाते, फक्त मधाचा भाग कापला तर माश्या ते पुन्हा भरतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मध काढणाऱ्यांना पिलावा न मारता मध काढण्याचे शिक्षण दिले, ते याच तत्त्वावर. इथे शास्त्रज्ञाने शिकवायला जाण्याआधी ऐकायला जावे. कड्यावर दोर टाकून उतरणाऱ्या माणसाकडे गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या पोळ्यांची जी आठवण आहे, ती थॉर्प यांच्या वहीएवढीच मोलाची आहे. तिला फक्त वही मिळालेली नाही.

तशी वही कायद्याने दिलेली आहे. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातल्यावर राज्यभर या नोंदवह्या लगबगीने तयार झाल्या. आता त्या कपाटातून काढून त्यांत माश्यांचे एक पान जोडावे. गावात आग्याची पोळी कुठे आणि किती, ढोलीतली सातेरी कुठल्या झाडात, फुलोरी शेवटची कधी दिसली, डोंगळ्यांवर सकाळी दहा मिनिटांत किती माश्या आल्या. माध्यमिक शाळेची मुले हे मोजू शकतात, विज्ञानाचे शिक्षक तपासू शकतात. राहुरीच्या किंवा बाभळेश्वरच्या कीटकशास्त्रज्ञाने वर्षातून दोनदा येऊन ओळख पक्की करून द्यावी आणि त्याच फेरीत फवारणीबद्दल चार शब्द बोलावेत. २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच. त्या सभेत हे पान वाचून दाखवता येईल, आणि त्यानंतर महिनाभरात डोंगळे फुलू लागतात.